पॉझिट्रॉन अणूतल्या कोणत्या इलेक्ट्रॉनला गाठतो? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

इंदुरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडच्या मराठी घरांना ‘कॅट’ परकं नाही. नाव बदलून राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र झालं, तरी बोलण्यात कॅटच. तिथल्या इंडस-२ या कणत्वरकात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात, हे शाळकरी मुलंही सांगतात. अलीकडे पेट स्कॅनचा रिपोर्टही अनेक घरांत येऊन गेला आहे. त्या तपासणीत शरीरातले इलेक्ट्रॉन पॉझिट्रॉनला, म्हणजे आपल्याच धनभारित जुळ्या कणाला, भेटून नाहीसे होतात आणि गॅमा किरण निघतात, एवढं बहुतेकांना कळलेलं असतं. पण अणूतल्या इतक्या इलेक्ट्रॉनांपैकी नेमका कोणता जातो? हा प्रश्न पॉझिट्रॉन सापडण्याच्याही आधीपासून भौतिकीत घोळत होता.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी १९२८ साली इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. त्यातून ऋण ऊर्जेच्या अवस्था निघाल्या आणि त्यांतली रिकामी जागा धनभारित कणासारखी वागेल असं दिसलं. १९३० साली डिरॅक यांना हा कण म्हणजे प्रोटॉनच असावा असं वाटत होतं. ओपेनहायमर यांनी हरकत घेतली: तसं असतं तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन आपल्याच प्रोटॉनमध्ये पडून संपला असता, साधं द्रव्य क्षणभरही टिकलं नसतं. अणू टिकून आहेत, हाच डिरॅक यांच्या कल्पनेविरुद्धचा पुरावा ठरला. १९३१ साली डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा नवा कण सुचवला.

खूण मात्र आधीच मिळाली होती. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत चुंग-याओ चाओ यांना १९३० साली शिशावर गॅमा किरण सोडताना सुमारे अर्धा दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचं जादा प्रारण दिसलं. शिशात तयार झालेले पॉझिट्रॉन तिथल्याच इलेक्ट्रॉनांबरोबर विलोप पावत, म्हणजे दोघेही नाहीसे होत होते, पण तेव्हा हे कुणालाच ओळखता आलं नाही. चाओ यांच्या वाट्याला हवं तितकं श्रेय कधी आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याच संस्थेत कार्ल अँडरसन यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये विश्वकिरणांच्या छायाचित्रात पॉझिट्रॉनचा माग टिपला. पुढच्या वर्ष-दीड वर्षात तिबो आणि जोलियो यांनी फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे विलोपनाचे किरण मोजले.

आता अणूचा प्रश्न उघडपणे पुढे आला. मोकळा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्यातून एकच फोटॉन (प्रारणाचा कण) निघू शकत नाही, कारण संवेगाचा हिशेब जुळत नाही. किमान दोन लागतात: प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, जवळजवळ विरुद्ध दिशांना जाणारे. पण इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाला घट्ट बांधलेला असेल तर उरलेला संवेग केंद्रक घेऊ शकतं आणि एका फोटॉनवर काम भागतं. फर्मी आणि उलेनबेक यांनी १९३३ साली हे गणित केलं. १९३४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वेगवान पॉझिट्रॉन आणि सर्वांत आतल्या, के-कवचातल्या इलेक्ट्रॉनांच्या विलोपनावर एक लेख आला. लेखक होते एच. आर. ह्यूम आणि केंब्रिजमध्ये शिकणारे मुंबईचे होमी भाभा. भाभांचं नाव निघालं की आपण ट्रॉम्बेपासून सुरुवात करतो. कॅट ज्या अणुऊर्जा विभागाची आहे, त्याची उभारणीही त्यांचीच. पण ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर ते अणूच्या आतल्या कवचाचा हिशेब करत होते, हे इंदूरच्या मुलांना आवर्जून सांगायला हवं.

प्रत्यक्षात एका फोटॉनची घटना फार विरळ. बहुतेक पॉझिट्रॉन द्रव्यात शिरल्यावर लगेच विलोपत नाहीत. आधी ऊर्जा गमावून मंदावतात. घन पदार्थात याला काही पिकोसेकंद पुरतात. मग तो मंद, धनभारित कण केंद्रकाच्या धनभारामुळे दूर ढकलला जातो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमध्येच वावरतो. झेनॉनसारख्या जड अणूतही आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन गाठण्याचं प्रमाण शेकडा दोन-तीनच भरतं.

पॉझिट्रॉनचा ऋणभारावरचा ओढा इथे नीट दिसतो. तो जवळ आला की अणूतले इलेक्ट्रॉन त्याच्या बाजूला सरकतात आणि गाठ पडण्याची शक्यता वाढते. हीलियममध्ये इलेक्ट्रॉन दोन, पण विलोपनाचा वेग जणू चार असावेत इतका. झेनॉनमध्ये चोपन्न, तर वेग सुमारे चारशेंचा. काही हायड्रोकार्बन रेणूंत हा आकडा हजारोंवर जातो, कारण रेणूच्या कंपनांत पॉझिट्रॉन थोडा वेळ अडकून राहतो. वायूंवर काम करतानाच मार्टिन डॉइच यांना १९५१ साली एमआयटीत पॉझिट्रोनियम सापडला: एक इलेक्ट्रॉन, एक पॉझिट्रॉन, केंद्रक नाही. त्याचा एक प्रकार १२५ पिकोसेकंद जगतो, दुसरा निर्वातात १४२ नॅनोसेकंद, आणि तो तीन फोटॉन देऊन संपतो.

इलेक्ट्रॉनचा संवेग त्या दोन फोटॉनांवर उमटतो. त्यांच्यातला कोन १८० अंशांपासून किंचित ढळतो, ऊर्जाही ५११ च्या मागेपुढे पसरते. त्यावरून धातूतल्या इलेक्ट्रॉनांची चाल वाचता येते. अ‍ॅल्युमिनियममध्ये पॉझिट्रॉन सुमारे १६० पिकोसेकंद जगतो. पण स्फटिकात एखादा अणू गहाळ असेल तर पॉझिट्रॉन त्या रिकाम्या जागेत अडकतो, तिथे इलेक्ट्रॉन विरळ असतात, म्हणून आयुष्य अडीचशेच्या जवळ जातं. धातूतले असे दोष शोधण्याची पद्धत यावरच उभी आहे. वेळ मोजायला पॉझिट्रॉन सोडणारं किरणोत्सारी सोडियम-२२ सोयीचं पडतं, कारण पॉझिट्रॉनपाठोपाठ ते १.२७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतं आणि घड्याळ तिथून सुरू करता येतं.

पेट स्कॅनमध्ये बहुधा फ्लोरिन-१८ वापरतात, अर्धायुष्य ११० मिनिटं. त्याचा पॉझिट्रॉन ऊतकात सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त चालून विलोप पावतो. हे अंतर आणि कोनातला तो फरक, दोन्हींमुळे चित्राची धार थोडी बोथट होते. यंत्र कितीही भारी घेतलं तरी एवढी मर्यादा राहतेच.

आणि के-कवच? आतला इलेक्ट्रॉन गेला की त्याची जागा बाहेरचा भरतो आणि सुटलेली ऊर्जा घेऊन आणखी एक इलेक्ट्रॉन अणूबाहेर फेकला जातो. ‘ओझे’ (Auger) नावाने ओळखले जाणारे हे इलेक्ट्रॉन १९८८ साली मंद पॉझिट्रॉन वापरून टिपले गेले आणि पृष्ठभागावरच्या अगदी वरच्या थरात कोणते अणू आहेत हे ओळखण्यासाठी आज वापरले जातात.