पिस्तुलातला पावसाळा

2024 साली पॅरिसला मनू भाकरने एअर पिस्तुलात कांस्य मिळवलं, आणि रत्नागिरी-चिपळूणकडच्या पालकांचा एकच प्रश्न सुरू झाला: "पोराला पिस्तूल घ्यायचंय, परवडेल असं कुठलं?" त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कीच्या युसुफ डिकेचचा खिशात हात घालून नेम धरलेला फोटो गाजला. तेव्हापासून "साधनांत काय आहे, जिद्द हवी" असं सांगणारेही वाढले. डिकेचच्या डोळ्यावर नेमबाजीची खास भिंगं नव्हती हे खरं, पण हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच होतं.

10 मीटरवरच्या नेमाच्या कार्डावर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. हात सरळ खाली 4 मिलिमीटर सरकला तर पेलेटही, म्हणजे पिस्तुलातली बारीक गोळीही, तेवढंच खाली जातं, आणि दहा शाबूत राहतात. पण घोडा दाबताना मनगट वळलं आणि मागच्या साइटच्या (साइट म्हणजे नेम धरायची खूण) खाचेतून पुढची साइट अर्धा मिलिमीटर सरकली, तर मामला वेगळा. दोन साइटमधलं अंतर 33 सेंटिमीटर धरा. ती चूक कार्डापर्यंत तीसपट होते, म्हणजे 15 मिलिमीटर. कसेबसे नऊ! म्हणून पैसे घालायचे ते घोड्यासाठी, ग्रिपसाठी (मुठीसाठी) आणि साइटसाठी. स्पर्धेच्या नियमात घोड्याचा ताण किमान 500 ग्रॅम हवा. स्वस्त पिस्तुलांचा कित्येकदा दोन-तीन किलो असतो, तिथे मनगट वळणारच. जाहिरातीतला "हजार फूट प्रति सेकंद" मात्र खुशाल विसरा. स्पर्धेच्या पिस्तुलाचं पेलेट सेकंदाला साधारण 150 मीटर, म्हणजे पाचशे फुटांच्या आतच, जातं आणि कागदाला गोल भोक पाडायला तेवढं पुरतं.

आता पेलेट ढकलणारी हवा. स्प्रिंगच्या पिस्तुलात पेलेट नळीत असतानाच जड पिस्टन पुढे धावतो आणि हाताला हिसका बसतो. शिकायला ते नकोच. कार्बन डायऑक्साइडवालं आपल्या हवेत लहरी. त्या वायूचा दाब 20 अंशांना 57 बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), 30 अंशांना 72. आणि 31 अंशांपुढे तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. मे महिन्यात कोकणात दुपारी काय होईल ते ओळखा.

उरलं सिलिंडरवालं, 200 बार दाबाने हवा भरलेलं. ऑलिंपिकमध्ये सगळे हेच वापरतात. परदेशी घ्याल तर लाखाच्या वर. कर्ज काढूनही घेतात लोक, आणि मग हातपंपाने अंगणात हवा भरतात. इथे आपला पावसाळा आडवा येतो.

जुलैत डब्यातला पापडसुद्धा सर्द होतो, तेव्हा 27 अंशांच्या एका घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. सिलिंडरची जागा 60 घनसेंटिमीटर धरू. त्यात 200 बारला बाहेरची 12 लिटर हवा कोंबली जाते. तिच्यासोबत पाऊण नव्हे, पण पाव ग्रॅमहून जास्त पाणी येतं. गंमत पुढे आहे. एखाद्या जागेत किती वाफ मावेल हे ठरतं जागेवर आणि तापमानावर. तिथे आधीच किती हवा कोंबली आहे याच्याशी वाफेला जवळजवळ देणंघेणं नाही. 60 घनसेंटिमीटरमध्ये 27 अंशांना वाफ मावते जेमतेम दीड मिलिग्रॅम. बाकीचं पाणी होणार, पाच-सहा थेंब. बरंचसं पंपातच साचतं, म्हणून दाब सोडायचा स्क्रू उघडला की फुस्सकन ओला फवारा येतो. राहिलेलं सिलिंडरमार्गे दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये उतरतं, तिथल्या बारीक स्प्रिंगा गंजवतं, आणि हा प्रकार प्रत्येक भरणीला. मालवण-तारकर्लीकडे स्कूबा डायव्हिंगवाले आहेत. त्यांच्या कंप्रेसरची हवा श्वासासाठी असल्याने गाळून, कोरडी करून, 200 बारनेच भरलेली असते. योग्य अडॅप्टर असेल आणि त्यांची तयारी असेल, तर हवा तिथून घ्यावी.

हे जमत नसेल तर माझं मत एकाच दांडीने हवा दाबणाऱ्या पिस्तुलाला. रशियन बैकल 46एम हा त्यातला जुना, दणकट नमुना. नळीखालची दांडी पूर्ण उघडायची, एका दमात परत मिटायची, अंगठ्याने पेलेट बसवायचं. हवा त्याच एका पेलेटसाठी, लगेच संपते. पाणी साठायला वेळच नाही. तोटाही सांगतो: वजन सव्वा किलोच्या आसपास आणि तोंडाशी जड. बारा वर्षांच्या मुलाला साठ वेळा दांडी ओढणं झेपणार नाही. त्याला आधी क्लबचं पिस्तूल द्या.

परवान्याची भीतीही अनेकांना असते. 2016 च्या शस्त्र नियमांत 4.5 मिलिमीटरपर्यंतची, 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवेची शस्त्रं परवान्यातून वगळली आहेत. अर्ध्या ग्रॅमचं आपलं पेलेट सहा ज्यूलही गाठत नाही. म्हणून ते खेळणं होत नाही, डोळा जातो.

दसऱ्याला पिस्तुलाची पूजा करणाऱ्यांना एवढंच सांगेन की ओलं गंध आणि हळद-कुंकू नळीवर लावू नका. खाऱ्या वाऱ्यात त्या ठिपक्याखालीच पहिला गंज धरतो, आणि तुमच्या श्रद्धेने लोखंडाचं रसायन बदलत नाही. तेलाचा हात फिरवलेलं फडकं पुरे.

जुनं सिलिंडरवालं स्वस्तात मिळालं तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. बऱ्याच कंपन्या वापराची मुदत दहा वर्षं देतात, आणि मुदतीतलं सिलिंडर वापरण्याची जबाबदारी स्पर्धेत खेळाडूचीच असते. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वळती करून घ्या.