फेज गेला तरी मोटर वाचावी म्हणून: सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरची जोडणी

जळालेली मोटर रिवायंडिंगला आली की आम्ही आधी ती उघडून वायंडिंगचा रंग बघतो. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर लोड जास्त होता, मोटर जाम झाली होती किंवा तिला हवा मिळत नव्हती. पण काही कॉइल जळून कोळसा आणि त्यांच्या शेजारच्या अगदी नव्यासारख्या दिसल्या, की एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनवर चालत राहिली हे उघड होतं. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजचं वायंडिंग जळतं आणि एक वाचतं. डेल्टात उलट, एक जळतं आणि दोन वाचतात. मोटर दुरुस्तीला टाकाल तेव्हा जुनं वायंडिंग काढण्याआधी ते दाखवायला सांगा. ते बघायचा तुम्हाला हक्क आहे, आणि पुढची मोटर कशी वाचवायची ते त्यातूनच कळतं.

भोसरीतले वर्कशॉपवाले, सोसायट्यांचे पदाधिकारी, पिठाच्या गिरण्यांचे मालक, सासवड-शिरूरकडचे शेतकरी असे सगळे आमच्याकडे येतात. त्यातले काही जण सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरबद्दल, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणाऱ्या रिलेबद्दल, म्हणतात, "रिले लावला होता, तरी मोटर गेलीच." आम्ही जाऊन पॅनेल उघडतो तेव्हा रिले बहुतेक वेळा चांगला असतो, जोडणी चुकलेली असते. हे पत्रक त्यासाठी आहे.

एक फेज गेल्यावर काय होतं

थांबलेल्या मोटरीला दोनच फेज मिळाले तर ती फिरत नाही. नुसती घुमते आणि सुरू होतानाचा पाच-सहा पट करंट ओढत बसते. आवाजामुळे निदान कोणीतरी धावत येतं. फिरती मोटर मात्र फिरतच राहते आणि धोका तिथे जास्त आहे. तेवढंच काम दोन फेजवर करायचं म्हणून उरलेल्या तारांतला करंट साधारण 1.73 पट होतो. 5 एचपीची मोटर 415 व्होल्टवर पूर्ण लोडला सुमारे साडेसात अँपिअर घेते, ती तेराच्या आसपास जाते.

ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा, हा वेगळा) मोटरीच्या नेमप्लेटप्रमाणे लावलेला असेल तर तो काही मिनिटांत ट्रिप होईल. पण "सारखा ट्रिप होतो" म्हणून त्याची चकती दहा-बारा अँपिअरवर फिरवून ठेवलेली आम्ही कितीतरी पॅनेलमध्ये पाहिली आहे. मग त्याचा उपयोग संपला. शिवाय डेल्टा मोटरीत बाहेरच्या तारेत पूर्ण लोडचाच करंट दिसत असताना आतल्या एका वायंडिंगमधून साधारण 15 टक्के जास्त करंट जात असतो. साध्या ओव्हरलोडला ते दिसतच नाही. वायंडिंगचं तापमान दर 10 अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, हा ढोबळ नियम सगळे रिवायंडर जाणतात.

वळवाच्या पावसात फांदी पडते आणि ट्रान्सफॉर्मरचा एक डीओ (त्याच्या आधीच्या लाइनवरचा फ्यूज) उडतो. तेव्हा आपल्याकडे फेज पूर्ण जात नाही. एका फेजला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि दुसऱ्या दोघांना जवळपास निम्मं, म्हणजे 240 च्या जागी 120. घरात काही दिवे मंद होतात ते याचमुळे. अशा वेळी "फेज आहे की नाही" एवढंच पाहणारा स्वस्त रिले फसू शकतो. व्होल्टेजमधला असमतोल ओळखणारा रिले घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण आम्ही दुसरा सुचवणार नाही.

रिले कुठून बघतो

या पत्रकातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढा भाग मात्र वायरमनला वाचून दाखवा.

रिलेचे दोन प्रकार आहेत, व्होल्टेज पाहणारा आणि करंट पाहणारा. व्होल्टेजवर चालणारा रिले त्याच्या आर, वाय, बी या तीन फेजच्या टर्मिनलवर जे येतं तेवढंच पाहतो. त्याच्या तारा काँटॅक्टरच्या (स्टार्टरमधला, कॉइलने ओढला जाऊन मोटरीला सप्लाय देणारा स्विच) आधी, येणाऱ्या सप्लायच्या बाजूला जोडायच्या. काँटॅक्टरच्या पुढे जोडल्या तर मोटर सुरू होईपर्यंत रिलेला सप्लायच मिळणार नाही. आणि फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, ते मूळ व्होल्टेजच्या बरंच जवळ असतं. म्हणूनच मोटर चालू असताना मेलेल्या तारेवरही टेस्टर पेटतो. टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने आर-वाय, वाय-बी, बी-आर अशा तीनही जोड्या मोजा.

पण काँटॅक्टरच्या आधी बसलेल्या या रिलेला काँटॅक्टरच्या पुढचं दिसत नाही. काँटॅक्टरचा एक पॉइंट जळाला, तारेच्या टोकाचा लग सैल झाला, केबल आत तुटली, तर रिलेच्या दृष्टीने तीनही फेज ठीकच असतात आणि मोटर दोन फेजवर जळते. "रिले लावला होता तरी" या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. मोटर महागाची असेल, बोअरमध्ये खोल सोडलेली असेल किंवा केबल लांब असेल, तर मोटरीकडे जाणाऱ्या तारांवर सीटी (करंट मोजणारी कडी) बसवून करंट पाहणारा रिले घ्या. तो पुढचा आणि मागचा, दोन्हीकडचा दोष पकडतो.

जोडणी

हे काम परवानाधारक तारतंत्रीनेच करायचं. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा आणि मीटरने सप्लाय गेल्याची खात्री करा.

मेन स्विच किंवा एमसीबीच्या पुढून, काँटॅक्टरच्या अलीकडून तीन बारीक तारा 2 अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या आर, वाय, बी टर्मिनलवर आणा. क्रम बदलू नका, कारण बहुतेक रिले उलटा क्रमही ओळखतात. ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर किंवा जनरेटरवर गेल्यावर फेजचा क्रम उलटला तर पंप उलटा फिरून पाणी कमी देतो आणि स्क्रू कॉम्प्रेसर थोड्याच वेळात खराब होतो. अशा वेळी रिलेला बायपास करू नका, दोन फेज अदलाबदल करून क्रम सरळ करा.

आता रिलेचा काँटॅक्ट. मोटरीचा करंट त्यातून कधीही न्यायचा नाही, तो फक्त काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेवर दार म्हणून बसतो. सप्लाय ठीक असताना रिले ओढलेला असतो, म्हणजे कॉमन आणि एनओ (सप्लाय नसताना सुटं असणारं टर्मिनल) जुळलेले असतात. रिलेवर 15-18 किंवा 11-14 असे आकडे छापलेले दिसतील. रिलेवरचं चित्र सप्लाय नसतानाचं असतं. ते पाहून बरेच जण एनसीवर (सप्लाय नसताना जुळलेल्या टर्मिनलवर) तार लावतात. मग सप्लाय ठीक असताना मोटर सुरू होत नाही आणि कोणीतरी वैतागून रिलेच काढून टाकतो.

कंट्रोलची वाट अशी: एका फेजवरून कंट्रोल फ्यूज, तिथून रिलेचा कॉमन, एनओमधून बाहेर, मग ओव्हरलोडचा 95-96 आकड्यांचा काँटॅक्ट, मग स्टॉप बटण, मग स्टार्ट बटण आणि त्याला समांतर काँटॅक्टरचा 13-14 काँटॅक्ट, शेवटी कॉइलचा ए1. कॉइल 415 व्होल्टची असेल तर ए2 दुसऱ्या फेजवर, 230 ची असेल तर न्यूट्रलवर. रिलेच्या काँटॅक्टवर किती व्होल्ट चालतात ते बाजूला छापलेलं वाचा. अनेक रिले 240 व्होल्टपर्यंतचेच असतात, तिथे 230 ची कॉइल वापरणं बरं. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्येही काँटॅक्ट याच जागी, कंट्रोलच्या सुरुवातीला येतो.

"आमच्या स्टार्टरची कॉइल दोन फेजवर आहे, फेज गेला की ती सुटतेच," असं काही जण सांगतात. आर आणि बी वर कॉइल असेल तर त्यातला एखादा गेल्यावर बहुधा सुटेल. वाय गेला तर कॉइलला पूर्ण 415 मिळत राहतं आणि मोटर जळते.

विहिरीवरच्या ऑटो स्विचबद्दल आम्हाला काळजी वाटते. रात्री सप्लाय येतो, एक फेज नसतो, ऑटो स्विच बटण दाबल्यासारखी मोटर सुरू करतो आणि शेतात कोणी नसतं. ऑटो स्विचचा आदेश रिलेच्या एनओमधूनच कॉइलकडे जाईल, अशी जोडणी करा. त्याला वेगळी वाट देऊन रिलेला वळसा घातलेला दिसला तर ती आधी काढा.

व्हीएफडीवर (मोटरीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) चालणाऱ्या मोटरीसाठी हा रिले ड्राइव्हच्या पुढे, म्हणजे ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधे, लावायचा नाही.

सेटिंग आणि चाचणी

व्होल्टेजची मर्यादा 415 च्या 10 टक्के खाली-वर, म्हणजे साधारण 374 ते 456 मध्ये ठेवायची. सप्लाय त्याहून खाली जात असेल तर आम्हाला मोजू द्या, नुसती मर्यादा उतरवून प्रश्न सुटत नाही. असमतोल काढायला तीनही आकड्यांची सरासरी घ्या. 400, 410, 420 असेल तर सरासरी 410, सर्वांत जास्त फरक 10, म्हणजे 2.4 टक्के. आकडा लहान वाटतो, पण व्होल्टेजच्या एक टक्का असमतोलाने करंटचा असमतोल सहा ते दहा टक्के होऊ शकतो. ट्रिपला काही सेकंदांचा उशीर ठेवा, नाहीतर शेजारचं मोठं मशीन सुरू झालं तरी मोटर बंद पडेल.

जोडणी झाल्यावर मोटरीच्या तारा सोडून ठेवा, काँटॅक्टर ओढू द्या आणि मेन बंद करून आरचा फ्यूज काढा. परत सप्लाय द्या: स्टार्ट दाबूनही काँटॅक्टर ओढता कामा नये. मग तसंच वाय, तसंच बी. तीनही करायचे, दोन जमले म्हणून तिसरा सोडायचा नाही. शेवटी रिलेच्या दोन तारा अदलाबदल करून उलटा क्रमही पाहा. सीटीवाला रिले असेल तर चाचणी मोटर लोडवर घेऊन करावी लागते. ती आमचा माणूस येऊन करेल. दरवर्षी पावसाळ्याआधी ही चाचणी पुन्हा करा आणि त्याच वेळी सगळे लग आवळून घ्या.

रिले घ्यायला येताना मोटरीच्या नेमप्लेटचा आणि उघड्या स्टार्टरचा फोटो आणा. कॉइलवर छापलेले व्होल्ट त्यात वाचता आले पाहिजेत.