फॅमिली डिनर, भाग १

फॅमिली डिनर, भाग १ : स्नार्की पपी या अमेरिकन फंक-जॅझ (ठसकेदार ठेक्याचे फंक आणि जॅझ यांचे मिश्रण) वाद्यवृंदाचा, पाहुण्या गायक-गायिकांना केंद्रस्थानी ठेवून केलेला अल्बम. व्हर्जिनिया राज्यातील रोनोक येथील जेफरसन सेंटरमध्ये २०१३ च्या पूर्वार्धात, बहुधा मार्चमध्ये, त्याचे ध्वनिचित्रमुद्रण झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रोपअडोप या कंपनीने तो प्रकाशित केला. जेफरसन सेंटर ही मुळात शाळेची इमारत असून शाळा बंद पडल्यावर तिचे सांस्कृतिक केंद्रात रूपांतर झाले. तेथे मुलांसाठी ‘म्युझिक लॅब’ हा संगीतशिक्षणाचा उपक्रम चालतो. अल्बमचा संकल्प त्या उपक्रमाच्या मदतीशी जोडलेला होता.

वाद्यवृंदाची स्थापना बासगिटारवादक मायकेल लीग याने टेक्सासमधील डेंटन येथे, नॉर्थ टेक्सास विद्यापीठातील सहाध्यायांना घेऊन केली. स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी २००३, तर काही ठिकाणी २००४ असे आढळते. दुसरे अधिक रूढ आहे. आरंभीचे त्यांचे संगीत विद्यापीठीय जॅझच्या वळणाचे होते. पुढे डॅलसमधील कृष्णवर्णीय चर्चसंगीत आणि रिदम अँड ब्लूज यांत वावरणाऱ्या वादकांशी संबंध आल्यावर ते बदलले. कीबोर्डवादक बर्नार्ड राइट याचे मार्गदर्शन या बदलात निर्णायक मानले जाते. ड्रमवादक रॉबर्ट ‘स्पट’ सीअराइट व कीबोर्डवादक शॉन मार्टिन हे दोघे गॉस्पेलच्या, म्हणजे याच चर्चसंगीताच्या, परंपरेतले. चर्चमध्ये साथ करणाऱ्याला गाणारा पुढे काय करील हे आधी ठाऊक नसते. त्याच्या श्वासावर कान ठेवून वाजवावे लागते. प्रस्तुत अल्बममधील साथीचा गुण या सवयीत शोधावा, असे वाटते. केवळ ‘जॅझवादकांनी केलेली साथ’ म्हटल्याने त्याचा उलगडा होत नाही.

अल्बममध्ये आठ गाणी असून प्रत्येक गाण्याला गायक वेगळा आहे. मलिका तिरोलियें (मूळची कॅरिबियन बेटांतील ग्वादलूपची), लूसी वुडवर्ड, शेना स्टील, एन्दांबी, लेला हॅथवे, मागदा यानिकू, टोनी शेर आणि शॉन्टे कॅन असा क्रम आहे. बहुतेक गाणी गायकांच्या स्वतःच्या संग्रहातली. वाद्यवृंदाने ती नव्याने बांधली. मागदा यानिकू ही ग्रीक गायिका फ्रेंच भाषेत गाते. त्या गाण्यात फंकचा ठसका जवळजवळ नाहीसा होतो. एरवी तीन-तीन गिटारी, अनेक कीबोर्ड आणि पितळी वाद्यांचा ताफा घेऊन स्वतःच नायक होणारा हा वाद्यवृंद येथे शब्द संपेपर्यंत थांबतो आणि ओळींमधल्या रिकाम्या जागेतच बोलतो. ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांचे छोटे तुकडे नेमके गायिकेने श्वास घेतला त्या क्षणी येतात. हा संयम अल्बमभर टिकला आहे. त्यामुळे अल्बमची ओळख लेला हॅथवेच्या ‘समथिंग’ या एकाच गाण्यापुरती राहावी, हे न्याय्य नाही.

तरीही ते गाणे टाळता येत नाही. लेला हॅथवे (जन्म १९६८) ही सोल गायक डॉनी हॅथवे (१९४५–१९७९) याची कन्या. ‘समथिंग’ हे गाणे तिच्या १९९० च्या पहिल्या अल्बममधले. रोनोकच्या मुद्रणात त्याची लय सैल ठेवली असून शब्द संपल्यानंतरचा विस्तार लांबवला आहे. सहा मिनिटांच्या सुमारास, या विस्तारात, ती एकाच वेळी एकाहून अधिक स्वर गाताना ऐकू येते. चित्रफितीत सहवादकांचे थक्क झालेले चेहरे दिसतात, पण ठेका कोणी सोडत नाही.

हा स्वरसमूह कंठातून कसा निघतो, याविषयी मतभेद आहेत. किती स्वर ऐकू येतात याबाबतही दोनपासून चारपर्यंत मते आढळतात. पहिला तर्क असा की हे रशियातील तूवा व मंगोलिया येथील कंठगायनासारखे उपरिस्वरांचे (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांचे) गायन असावे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जसा स्वयंभू गांधार उमटतो, तसे कोणत्याही गायलेल्या स्वरात उपरिस्वर असतातच. जीभ व ओठ यांनी मुखपोकळीचा आकार बदलून त्यांपैकी एखादा ठळक करता येतो. मात्र असा उपरिस्वर मूळ स्वराच्या बराच वर, शिटीसारखा ऐकू येतो. ‘समथिंग’मधील स्वर एकमेकांच्या जवळ, मध्य पट्टीत आहेत. म्हणून हा तर्क फारसा टिकत नाही.

दुसऱ्या तर्कानुसार खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेले ‘खोटे’ स्वरतंतूही कंप पावत असावेत. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील समूहगायनात व तिबेटी मंत्रपठणात हे घडते. तेथे खोटे स्वरतंतू सामान्यतः निम्म्या आंदोलनसंख्येने (दर सेकंदाच्या कंपनांच्या संख्येने) कंप पावतात आणि गायलेल्या स्वराखाली त्याचाच खालच्या सप्तकातला जोडीदार उमटतो. पण त्याने केवळ सप्तकाचे अंतर मिळते, निराळा स्वर मिळत नाही.

तिसरा तर्क अधिक समाधानकारक वाटतो. खऱ्या स्वरतंतूंचे कंपन दर वेळी सारखे न राहता दोन किंवा तीन आवर्तनांनी पुन्हा पूर्ववत होते, असे मानले तर ध्वनीचा पाया त्या प्रमाणात खाली सरकतो. आकृतिबंध तीन आवर्तनांचा असेल, तर गायलेल्या स्वराच्या एक तृतीयांश व दोन तृतीयांश आंदोलनसंख्येचे स्वरही त्यात येतात. त्यांचे परस्परप्रमाण १:२:३, म्हणजे षड्ज, वरचा षड्ज आणि त्यावरचा पंचम. गायिका ज्याला मूळ स्वर समजून गाते तो या रचनेत पंचम ठरतो, आणि ऐकणाऱ्याला भरीव स्वरसंवाद जाणवतो. कंठविकारांतही असे दुभंगलेले कंपन आढळते, परंतु तेथे ते अनियंत्रित असते. येथे लक्षणीय आहे ते नियंत्रण : हा आवाज साथीच्या स्वरसंगतीशी जुळवून, हवा तेव्हा लावला जातो आणि हवा तेव्हा सोडला जातो. निव्वळ चमत्कृती म्हणून त्याकडे पाहणारे समीक्षक हे ध्यानात घेत नाहीत. गाण्याच्या भावाचा चढ जिथे पूर्ण होतो, तिथेच तो योजलेला आहे.

या गाण्याला २६ जानेवारी २०१४ रोजी लॉस अँजेलिस येथे सर्वोत्कृष्ट रिदम अँड ब्लूज सादरीकरणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या विभागात टॅमार ब्रॅक्स्टन, अँथनी हॅमिल्टन, हायटस कायोटी आणि मिगेल यांच्या गाण्यांची नामांकने होती. वाद्यवृंदाचा हा पहिला ग्रॅमी. विशेष म्हणजे तो वाद्यसंगीताच्या वा जॅझच्या विभागात मिळालेला नाही. त्यामुळे अल्बमचे वर्गीकरण कोठे करावे हा प्रश्न पुन्हा पुढे आला. पुरस्काराचा विभाग एका गाण्यापुरता असतो. त्यावरून संपूर्ण अल्बमला रिदम अँड ब्लूज म्हणणे योग्य नव्हे. साथीची घडण पाहता फंक-जॅझ हीच संज्ञा जवळची आहे.

अल्बमचा दुसरा भाग २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे मुद्रित होऊन २०१६ मध्ये प्रकाशित झाला. त्यात पेरूची सुसाना बाका, मालीचा सालिफ केइता, ब्रिटनचे लॉरा एमव्हुला व जेकब कॉलियर आणि अमेरिकेचा डेव्हिड क्रॉस्बी इत्यादींचा सहभाग आहे. त्याचा आवाका भौगोलिक दृष्ट्या मोठा आहे; पहिल्या भागातील एकजिनसीपणा मात्र त्यात कमी आहे. मलिका तिरोलियें हिने पुढे लीगच्या बोकांते या समूहात मुख्य गायिका म्हणून काम केले.