तोफखान्यातला माणूस आणि सूर्यावरचे डाग

‘उत्तरेला डोकं करून झोपू नका, पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह ओढतं’ हा मेसेज परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा येऊन गेला. एमआरआयच्या बोगद्यात माणूस पृथ्वीच्या 30,000 पट तीव्र चुंबकक्षेत्रात पडून असतो आणि उठून घरी जातो, एवढंच मी लिहिलं. मावशींनी नुसता अंगठा दाखवला.

पृथ्वीचं चुंबकत्व खरंच ज्याने पिंजून काढलं तो एडवर्ड सॅबाइन. डब्लिनचा, जन्म 1788. पंधराव्या वर्षी ब्रिटिश रॉयल आर्टिलरीत, म्हणजे तोफखान्यात, अधिकारी, 1814 साली कॅनडाच्या सीमेवर लढला. पुढे स्वारी आर्क्टिक मोहिमांवर लंबक आणि होकायंत्रं घेऊन. 1827 साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनने त्याला विज्ञानाच्या कामासाठी बेमुदत रजाच दिली. तरी बढत्या मिळत गेल्या आणि 1870 साली गडी जनरल झाला!

त्या काळची मोजणी बघा. रेशमाच्या धाग्याला चुंबकपट्टी आडवी टांगायची, तिला छोटा आरसा लावायचा आणि लांबून दुर्बिणीने त्यात मोजपट्टीचं प्रतिबिंब वाचायचं. चुंबक अंशाच्या साठाव्या भागाइतका वळला तर परावर्तित किरण त्याच्या दुप्पट वळतो. 3 मीटरवर ते होतात जवळपास पावणेदोन मिलिमीटर. ही युक्ती जर्मन गणिती गाउसने रूढ केली. खिशातली लोखंडी किल्लीसुद्धा बाहेर ठेवायची.

टोरांटो, सेंट हेलेना, केप इथे तोफखान्याचेच लोक असल्या नोंदी घेत. सॅबाइनने अशा नोंदींतले चुंबकाचे मोठे झटके वेगळे काढून वर्षवार मांडले. ते 1843 पासून 1848 पर्यंत वाढत गेलेले. त्याची बायको एलिझाबेथ तेव्हा जर्मन निसर्गसंशोधक हुम्बोल्टच्या ग्रंथाचं भाषांतर करत होती आणि त्यात श्वाबे या जर्मन निरीक्षकाचा सौरडागांचा तक्ता होता. डागही 1843 साली सर्वांत कमी, 1848 साली सर्वांत जास्त. 1852 साली त्याने हा मेळ जाहीर केला.

सौरवादळात विद्युतभारित कण पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह तयार करतात. त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या विरुद्ध पडतं, म्हणून आपल्याकडे वाचन खाली घसरतं. 2 सप्टेंबर 1859 रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ते सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरलं, म्हणजे तिथल्या आडव्या क्षेत्राच्या चारेक टक्के. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने वाचन बिघडणार, म्हणून 1904 साली ही मोजणी अलिबागला हलवली. तिथे ती अजून चालू आहे.