डिझाइन थिंकिंगचा विद्यार्थी क्लब: मान्यतेसाठी अर्ज कसा करावा

डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्या माणसाची अडचण आधी समजून घेऊन मग त्यावर उपाय घडवण्याची आणि तपासण्याची पद्धत. तिच्यासाठीच्या क्लबला महाविद्यालयाची मान्यता मिळाली की सभागृह, सूचना फलक आणि थोडाफार निधी वापरता येतो. अर्ज साधारणपणे विद्यार्थी कल्याण विभागाकडे जातो आणि अनेक ठिकाणी सत्राच्या सुरुवातीलाच स्वीकारतात, म्हणून आधी मुदत पाहून घ्या.

संस्थापक सदस्य त्याच संस्थेचे नियमित विद्यार्थी हवेत. किमान किती, हे संस्थेच्या नियमावलीत दिलेले असते. पदाधिकाऱ्यांत निदान दोघे खालच्या वर्गातले घ्या, नाहीतर वरचे उत्तीर्ण होऊन गेले की क्लब बंद पडतो. सदस्य वेगवेगळ्या शाखांचे असतील तर फारच चांगले.

अर्जासोबत सदस्यांची सह्यांनिशी यादी, ओळखपत्रांच्या प्रती, मार्गदर्शक प्राध्यापकांचे संमतीपत्र, क्लबची घटना, वर्षाचा उपक्रम आराखडा आणि अंदाजपत्रक लागते. घटनेत निवडणूक कशी होणार आणि पैशांवर सह्या कोणाच्या, हे स्पष्ट लिहा. संमतीपत्र सर्वांत आधी मिळवा. प्राध्यापकांना वेळ नसेल तर बाकीची धावपळ वाया जाते.

खरी कसोटी उद्देशाच्या परिच्छेदाची. ‘उद्योजकता क्लब आहेच, मग हा कशाला?’ असे छाननी समिती हमखास विचारते. ‘नवकल्पनांना चालना देणे’ हे त्याचे उत्तर नव्हे. फरक असा सांगा: तिथे कल्पनेपासून धंदा उभा करायला शिकतात, इथे त्याआधीचे काम, म्हणजे ग्राहकाची अडचण नेमकी ओळखणे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने रूढ केलेले पाच टप्पे आराखड्याला आयता सांगाडा देतात: माणूस समजून घेणे, प्रश्न नेमका मांडणे, कल्पना सुचवणे, कच्चा नमुना करणे, तो तपासणे. आयडिओ या डिझाइन कंपनीने 1999 साली दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर पाच दिवसांत खरेदीची ढकलगाडी नव्याने घडवली, तेव्हा तिची माणसे आधी दुकानांत जाऊन गाड्या कशा वापरल्या जातात ते पाहून आली होती.

अर्जापूर्वी एक छोटा प्रयोग कराच. कॅन्टीनच्या रांगेशेजारी अर्धा तास वही घेऊन उभे राहा. माणसे कुठे थबकतात? दरफलक काउंटरच्या मागे असेल, तर पुढ्यात पोहोचल्यावरच वाचन सुरू होते आणि मागची रांग खोळंबते. कागदावर मोठ्या अक्षरांत दर लिहून तो रांगेच्या सुरुवातीला लावा आणि पुन्हा अर्धा तास मोजा. ही दोन पानांची नोंद अर्जाला जोडा. माझ्या मते कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा तिचे वजन जास्त पडते.

अर्ज देताना पोच घ्या. त्रुटी निघाल्यास दुरुस्तीला मुदत मिळते, नंतर समितीपुढे थोडक्यात सादरीकरण होते. सुरुवातीची मान्यता बहुधा तात्पुरती असते. नूतनीकरणाच्या वेळी हजेरीपट, खर्चाच्या पावत्या आणि वार्षिक अहवाल मागतात, त्यामुळे पहिल्या बैठकीपासूनच फाइल ठेवा.