डीएनएची कॉपी नेमकी कुठून सुरू होते?

बारावीत डीएनए रेप्लिकेशनची ती वाय आकाराची आकृती सगळ्यांनीच काढलेली असते, पण तिच्यात धागे आधीच उघडलेले दाखवतात. पहिली फट पाडली कोणी आणि तिथेच का, हे कुणी विचारतच नाही. बऱ्याच जणांना वाटतं की पॉलिमरेज, म्हणजे नवा धागा जोडणारं एन्झाइम, एका टोकाला बसतं आणि कॉपी करत सुटतं. पण ई. कोलाय या बॅक्टेरियाचा डीएनए गोल असतो, त्याला टोकच नाही, आणि पॉलिमरेजला कोऱ्या धाग्यावर सुरुवात जमतच नाही, आधी आरएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, लागतो.

जागा ठरवतं ते इनिशिएटर नावाचं वेगळंच प्रोटीन. ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं, आणि साधारण 46 लाख अक्षरांच्या त्या गोलात ओरि-सी हा सुरुवातीच्या जागेचा जेमतेम 245 अक्षरांचा तुकडा आहे, त्यात टीटीएटीसीसीएसीए किंवा तिच्यासारखी नऊ अक्षरांची खूण परत परत येते. इनिशिएटर ती ओळखून चिकटतं, पण एकट्यादुकट्याने काही होत नाही, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) धरलेले त्याचे बरेच रेणू शेजारी शेजारी जमले की डीएनएवर ताण येतो आणि बाजूचा ए-टी भरपूर असलेला भाग उघडतो, कारण ए-टी जोडीत दोनच हायड्रोजन बंध, जी-सीत तीन. त्या फटीत धागे उलगडणारं हेलिकेज बसवलं जातं, मग प्रायमर बनवणारं प्रायमेज, मग पॉलिमरेज.

खरी मजा पुढे आहे. कॉपी सुरू झाली की आता तिथे ओरि-सी दोन झाले, मग लगेच परत सुरुवात का होत नाही? ओरि-सीत जीएटीसी ही चार अक्षरं 11 वेळा येतात आणि त्यातल्या ए वर डॅम नावाचं एन्झाइम मिथाइल हा छोटा रासायनिक गट लावतं. नव्या धाग्यावर ते लागायला वेळ लागतो, म्हणजे जुना धागा मिथाइलवाला, नवा बिनमिथाइलचा. असा अर्धवट डीएनए दिसला की सेक-ए प्रोटीन त्याला धरून बसतं, पेशीचक्राचा जवळपास एक तृतीयांश वेळ! तोवर इनिशिएटरकडच्या एटीपीचं एडीपी (वापरलेलं इंधन) होऊन त्याचा जोरही ओसरतो.

एवढे ब्रेक साध्या बॅक्टेरियात!

माणसात तर अशी ठरलेली अक्षरंच सापडत नाहीत. तिथे हजारो जागांवर ओआरसी या तिथल्या इनिशिएटर प्रोटीनच्या मदतीने हेलिकेज आधीच बसवून ठेवतात, त्यातली बरीचशी सुरूच होत नाहीत, शेजारचं काम अडकलं तरच त्यांचा नंबर लागतो.