बी कावीळ ‘घराण्यात’ नसते

“आजीला होती, आईला आहे, म्हणजे हेपॅटायटिस बी आमच्या रक्तातच,” असं सर्रास ऐकू येतं. स्थळं मोडतात त्यावरून! पण हा विषाणू जनुकांतून उतरत नाही; बहुतेकदा बाळंतपणात आईच्या रक्तातून बाळाला लागतो.

जनुकांचा संबंध अगदीच नाही, असं नाही. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए-डीपी जनुकांतल्या काही फरकांमुळे आजार जुनाट होण्याची शक्यता कमी-जास्त होते, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. पण खरी मेख वयात आहे. जन्मताना लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये विषाणू ठाण मांडतो, धडधाकट प्रौढांत ५ टक्क्यांहून कमी. म्हणूनच लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही.